उणे आठ मिनिटांचं घर

...आणि वर सर म्हणतात, कंसाला घाबरायचं काय त्यात! तुम्हाला सांगते, मी कंसाला घाबरत नाही हो, मी फळ्याला घाबरते! भीमराज सरांनी फळ्यावर लिहिलं, ७ + (−१२), आणि खडू माझ्यापुढं धरला. "अधिक आणि उणे एकमेकांना चिकटले की गोंधळ होतो, म्हणून उण्याला कंसात बसवायचं. सोडव बघू!" आता सातातून बारा काढायचे कुठून? डब्यात सात लाडू असताना बारा काढून दाखवेल का कुणी? अख्खा वर्ग माझ्या पाठीकडं बघतोय... आणि मी? मी फळ्यावर सात लाडू काढतेय!

आता आमच्या घरचं घड्याळ ऐका. गजराचं, फडताळावरचं. पिंपरीत आमच्या चाळीत एका घरात खरी वेळ सापडेल तर शपथ! कंपनीची बस नाक्यावरून सहा दहाला सुटते ना, म्हणून जो तो घड्याळ पुढं ठेवतो. आमचं दहा मिनिटं पुढं. सगळ्यांना ठाऊक, अगदी उघड्यावरचे अधिक दहा.

पण अण्णांना वाटलं, नाक्यावर दहा मिनिटं उभं राहण्यापेक्षा अंथरूण बरं. त्यांनी गुपचूप दहा मागं केले. आईला वाटलं, भाकरी तव्यावर असतानाच यांचं "डबा, डबा!" सुरू होतं, जरा उसंत मिळेल. तिनं गुपचूप आठ मागं केले. एकानं दुसऱ्याला सांगितलं? छे! अण्णा समजतात घड्याळ बरोबर आहे, आई समजते दोन मिनिटं पुढं आहे... आणि दोघांनाही मागची कळ फिरवताना कुणी पाहिलं? मी. आणि मी? मी गप्प!

झालं! त्या आठवड्यात अण्णा दोनदा बसमागं पळाले. "ड्रायव्हरच लवकर सोडतो!" "काही नाही, तुमचीच आंघोळ लांबते!" आणि सोमवारी तर अण्णांना कायम करणार होते हो! तीन वर्षं टेम्पररी काढल्यावर! सातच्या ठोक्याला साहेबांपुढं हजर, नाहीतर रांगेतला पुढचा माणूस तयार.

रविवारी दुपारी शेजारचे हनीफचाचा म्हणाले, "साडेबारा झाले बेटी, रेडिओ आत्ताच बोलला." घरात येऊन बघते तर बारा बावीस! वही काढली. १० + (−१०) + (−८). दहा आणि उणे दहा, शून्य. शून्य आणि उणे आठ... उणे आठ! अहो, शून्याच्या खालीही जागा असते, आणि आम्ही सहकुटुंब तिथंच राहत होतो!

पण सांगायचं कसं? अण्णांचा कंस आईपुढं उघडायचा की आईचा अण्णांपुढं? त्यापेक्षा मीच गुपचूप आठ पुढं केले. उणे आठ काढून घेतले की आठ वाढतात, हे वहीत तीनदा लिहूनही पटलं नव्हतं, कळ फिरवताना पटलं.

हुश्श म्हणते तोवर काय! चार वाजता अण्णा फडताळापाशी. उद्याची धास्ती... आपले दहा परत पुढं. दिवेलागणीला आई, पदरानं घड्याळ पुसायच्या निमित्तानं... आपले आठ परत पुढं. झाले अठरा! आणि मी? गप्पच, दुसरं काय!

सोमवारी अण्णा पावणेसहालाच नाक्यावर, कुत्र्यांच्या सोबतीला. पण बस मिळाली, कायमचं पत्र मिळालं, पेढे आले! अण्णा घड्याळाला पेढा दाखवून म्हणाले, "लकी आहे हे. आता याला कुणी हात लावायचा नाही!" आई म्हणाली, "खरंच बाई, अजिबात नाही!"

...काल रेडिओवरून पाहिलं, तर अकराच मिनिटं पुढं! सात गेले कुठं? जेवताना अण्णांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. दोघंही मान खाली घालून भाकरीकडं बघताहेत. शेवटी मीच मनातल्या मनात दोघांना साडेतीन-साडेतीन वाटून टाकले... काय करणार!