गटार विचारलं तर म्हणे टवळी

...आणि वर मलाच सांगतात, ‘आजी, मनाला लावून घेऊ नका, राजकारणात हे चालायचंच!’ चालायचंच? काय चालायचंच? तीन वर्षं आमच्या गल्लीतलं गटार चालत नाही, तुंबून तुंबून दवाखान्याच्या पायरीला लागलं, ते कुणी चालवत नाही, आणि शिव्या तेवढ्या चालायच्याच! तुम्हाला सांगते, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीच्या जागी अंगठा उठवते, पण कानावर एकदा पडलेलं माझ्या डोक्यातून हलत नाही, तेव्हा सांगते ते जसंच्या तसं.

तर माझी सून वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. नर्स आहे ती, त्याच दवाखान्यात, रोज चपला हातात घेऊन त्या घाणीतून कामावर जाते, म्हणून उभी राहिली, हौस म्हणून नव्हे. आणि समोर कोण? माजी! दोनदा निवडून आला, मधे एकदा आपटला, तेव्हापासून सगळे त्याला माजीच म्हणतात, आज खुर्चीवर आहे तरी, खरं नाव त्याच्या आईलासुद्धा आठवावं लागत असेल. नवं गटार मंजूर झालं ते याच्याच हाताने, आणि मंजूर होऊन जे बसलंय ते बसलंयच.

शाळेच्या हॉलमध्ये सभा. दोघांना समोरासमोर बसवलं. भोंगे लावले माझ्या लेकाने, वायरमन आहे तो, आणि मेला कामाला इतका चोख की टोकाच्या घरातल्या बहिऱ्या शिंप्यानेसुद्धा मान वर करावी! सून उठली, दोनच वाक्यं बोलली, ‘गटार मंजूर होऊन तीन वर्षं झाली. खणायला कधी घेताय?’ आता याचं उत्तर काय असतं हो? मंगळवारी. नाहीतर पुढच्या महिन्यात. नाहीतर, जमलं नाही बाई, माफ कर. हा उठला, पोट सावरलं, माईक तोंडाला लावला, आणि म्हणाला, ‘ही टवळी मला विचारणार? घरचं सोडून गावभर हिंडणारी उठवळ बाई मला जाब विचारणार?’ आणि मग तिसरा एक शब्द, तो मी तुमच्यापुढे उच्चारत नाही, तुमचं काही नाही, पण माझ्या तोंडाची चव जाते.

आणि हॉल हसला! चारशे माणसं खदाखदा हसली. बायकासुद्धा हसल्या, खोटं कशाला सांगू... पण गटाराचं काय? गटार राहिलं बाजूला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर सून स्वयंपाकघरात कागद पुढ्यात घेऊन बसलेली. मी म्हटलं, ‘कसला गं कागद?’ तर म्हणे, ‘सासूबाई, अर्ज मागे घेते. शनिवारपर्यंत मुदत आहे.’ का? तर नात नऊ वर्षांची, तिने विचारलं, ‘आई, टवळी म्हणजे काय? वर्गात मला टवळीची मुलगी म्हणतात.’ माझी सून, जी टाके घालताना डोळ्याची पापणी हलवत नाही, ती रडत होती. आणि माझा लेक काय करत होता? बाह्या सरसावून फेऱ्या मारत होता! ‘आई, तू काळजीच करू नकोस, पुढच्या सभेसाठी मी त्याच्या बायकोवर दोन अशा जबरदस्त काढून ठेवल्यात ना...’

मी म्हटलं, ‘थांब रे शहाण्या. त्याच्या बायकोने गटार अडवलंय?’

‘नाही, पण...’

‘ती बिचारी सभेला तरी आली होती?’

‘नाही गं, पण आई, राजकारणात...’

‘राजकारण गेलं खड्ड्यात! भांडण तुझं आणि त्याचं, मग शिवी प्रत्येक वेळी त्या घरातल्या बाईच्या पत्त्यावर का जाते? आणि तो तुझ्या बायकोला बोलला, तू त्याच्या बायकोला बोललास, गटाराचं काय?’

बाह्या खाली आल्या. वायरमनच्या बाह्या खाली आल्या म्हणजे आतून फ्यूज उडालेला असतो.

सुनेला म्हटलं, ‘शनिवार अजून लांब आहे, शुक्रवारी दुसरी सभा आहे, तोवर तो कागद डब्याखाली ठेव.’ आणि सकाळी उठून मी गेले थेट निवडणुकीच्या साहेबाकडे. किडकिडीत माणूस, खिशाला तीन पेनं, समोर फायलींचा डोंगर. मी तक्रार सांगितली. म्हणाला, ‘लेखी द्या.’ मी म्हटलं, ‘लिहिता येत नाही.’ म्हणाला, ‘मग सांगा, मी लिहितो.’ मी सांगितलं. पहिला शब्द ऐकून पेन थांबलं, दुसऱ्याला कान लाल झाले, तिसऱ्याला उठून दार लावून आला! ‘आजी, हे शब्द मी कसे लिहू? सरकारी कागद आहे.’ मी म्हटलं, ‘वा रे वा! चारशे माणसांत भोंग्यातून चालतात, आणि तुमचा कागद लाजतो?’ म्हणाला, ‘मी अपशब्द असं लिहितो.’ मी म्हटलं, ‘अपशब्द म्हणजे कुठला? उद्या तो म्हणेल, मी तिला फक्त बावळट म्हटलं होतं. लिहा मुकाट्याने!’

लिहिलं बिचाऱ्याने. पण माणूस पडला नियमाचा. म्हणाला, ‘हे तीन बंद करतो. पण त्याने चौथा वापरला तर?’ मी म्हटलं, ‘मग चौथाही घ्या.’ ‘पाचवा?’ झालं! तुम्हाला सांगते, बाई जन्माला आल्यापासून तिच्या कानावर काय काय पडतं, ते मी दीड तास सांगत होते आणि तो लिहीत होता. सटवी, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, दूध उतू गेलं म्हणून, सासऱ्यांकडून. अवदसा, पहिली मुलगी झाली तेव्हा. कैदाशीण, मी कामाचे जास्त तास मोजून दाखवले तेव्हा, मुकादमाकडून. नटवी, नवीन चप्पल घातली म्हणून! एक्केचाळीस भरले. मध्येच साहेब म्हणाला, ‘आजी, पुरुषांना देतात त्यांचं काय?’ मी म्हटलं, ‘बघा, आहेच की, बायल्या! पुरुषाला खाली पाडायचं तरी आधी त्याला बाई करावं लागतं. घाला सदतिसाव्यावर.’

आणि हो, गैरसमज नको. राजकारणात साखर वाटा असं मी म्हणतच नाही! लबाडाला लबाड म्हणा, कामचोराला कामचोर म्हणा, थापाड्याला तर घंटा वाजवून म्हणा. ते त्याने केलेल्या कामाचं नाव आहे. पण टवळी हे कुठल्या कामाचं नाव? तिने कुठलं गटार तुंबवलं?

साहेबाने नियम केला, यादीतला एक शब्द, की त्या बाजूची पाच मिनिटं कापणार, मग उमेदवार बोलो की त्याचा माणूस. उत्तम! पण नियमाच्या माणसाची खोड बघा, म्हणे नियम सभेत वाचून दाखवल्याशिवाय लागू होत नाही. मी म्हटलं, अहो साहेब... पण ऐकतो कोण? शुक्रवारी हॉल भरलेला, पुढच्या रांगेत शाळेच्या मोठ्या बाई, आणि हा गृहस्थ माईकसमोर उभा राहून, देवासारख्या शांत आवाजात, ‘क्रमांक एक, टवळी. क्रमांक दोन, उठवळ. क्रमांक तीन...’ एक्केचाळीस! माझ्या लेकाच्या भोंग्यांतून! माजीच्या आख्ख्या कारकिर्दीत झाली नसेल इतकी घाण त्या सज्जन माणसाने सात मिनिटांत केली, आणि शेवटी रुमालाने कपाळ पुसून म्हणाला, ‘धन्यवाद.’

मग माजी उठला. प्रत्येकी पंधरा मिनिटं मिळाली होती. यादी पुढ्यात चिकटवलेली. ‘ही...’ म्हणाला, आणि बोट यादीवर गेलं. ‘अशी...’ बोट खाली सरकलं. ‘असल्या...’ पाणी प्यायला. मग दाढ उपटल्यासारखं तोंड करून म्हणाला, ‘आदरणीय... भगिनी...’ आणि पुढे काही येईचना हो! तीस वर्षं त्या एक्केचाळीस शब्दांवर भाषणं केलेली, ते काढून घेतल्यावर आत काय उरणार? मागून कुणीतरी विचारलं, ‘गटाराचं काय?’ तर म्हणाला, ‘विचाराधीन आहे,’ आणि बसला. दोन मिनिटांत!

मी मनात म्हटलं, जिंकलं! आणि तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला, ‘अरे बायल्या, नीट उत्तर दे की!’

कोण? माझा लेक! पोटचा गोळा!

साहेबाने घड्याळ पाहिलं. ‘क्रमांक सदतीस. पाच मिनिटं वजा.’ लेक म्हणतो, ‘साहेब, ही शिवी बाईला कुठे आहे, ती तर त्याला आहे!’ साहेब म्हणाला, ‘तुमच्या मातोश्रींनीच घातली आहे.’ हॉल हसला, पण या वेळी कुणाला हसला ते बघा!

उरली दहा. सून उठली. घाईघाईने बोलेल असं वाटलं होतं, पण नाही. दवाखान्याचं रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागली. कुठल्या आठवड्यात किती मुलं तापाने आली, कुठलं बाळ आठ दिवस सलाईनवर होतं, पायरीवर घसरून कुठल्या म्हातारीचं हाड मोडलं. नावं नाहीत, आरडाओरडा नाही. मिटवलं रजिस्टर, म्हणाली, ‘मला काय म्हणायचं ते म्हणा. मी अर्ज मागे घेत नाही. खणायला कधी घेताय?’ आणि मग, तुम्हाला सांगते, ज्या बायका पहिल्या दिवशी हसल्या होत्या ना, त्याच आधी उठल्या, मग सगळा हॉल, ‘गटाराचं काय? गटाराचं काय?’ बहिरा शिंपीसुद्धा ओरडत होता, तो काहीतरी वेगळंच ओरडत होता, पण जोरात ओरडत होता!

डब्याखालचा कागद सुनेने घरी येऊन फाडला. मतदान परवा आहे, काय व्हायचं ते होईल.

पण आज दुपारी दार वाजलं. उघडलं तर एक बाई, मान खाली, हातात पिशवी. म्हणाली, ‘मी माजींची बायको.’ मला वाटलं, भांडायला आली, मी कंबर कसली. तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणते, ‘आजी, ती यादी मिळेल का हो एक? घरात लावायची होती.’

दिली हो मी. चहा पाजला, नातीकडून मोठ्या अक्षरांत उतरवून... नाही नाही, नातीकडून कशी, सुनेकडून उतरवून दिली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. जाताना तिने आणखी चार सांगितल्या, त्या मलासुद्धा माहीत नव्हत्या.

यादी काय, देईन मी घरोघर. पण पाच मिनिटं कापणारा साहेब प्रत्येक घरात कुठून आणून बसवू?