तळटीप क्रमांक नऊ

बुधवार पेठेत अमीनचाचांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात माझ्यापुढे कायद्याची एक विद्यार्थिनी उभी होती.

“चाचा, अडुसष्ट सालच्या निकालांचा खंड आहे?”

“आहे. पण तो आता वकीलसुद्धा मागत नाहीत.”

“मी कॉलेजच्या जर्नलची संपादक आहे. लेखातला प्रत्येक संदर्भ मूळ पुस्तकात बघावा लागतो.”

“लेख कुणाचा?”

“एका निवृत्त न्यायमूर्तींचा.”

“आणि त्यांना तू तपासणार. बरं. हा घे.”

“चाचा, हे पान बघा. न्यायमूर्तींनी कोर्टाचं म्हणून दिलेलं वाक्य कोर्टाचं नाहीच. हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद आहे तो.”

“मग? गप्प बसणार?”

“नाही. पण भीती वाटतेय. थांबा, फोनच करते. हॅलो, सर? जर्नलमधून बोलतेय. तुमच्या लेखातली तळटीप क्रमांक नऊ...”

“ठेवला फोन? काय म्हणाले?”

“म्हणाले, वीस वर्षं मी हेच वाक्य सांगत आलो, कुणी पुस्तक उघडून बघितलं नाही. आता बाकीच्या तळटिपाही बघ म्हणाले.”

“किती आहेत?”

“त्रेपन्न.”

“मग स्टूल घे. आणि अहो, हिच्या मागे उभे राहून मघापासून ऐकताय ना तुम्ही? तो वरचा खंड काढून द्या हिला.”