अक्कांनी चूक दारात येऊन सांगितली

मंडळी, अक्कांना निरोप द्यायला आपण एवढे सगळे आलात. बऱ्याच जणी बाळं घेऊन आल्यात. बोलायला उभी तर राहिले, पण मला भाषणाची सवय नाही. जरा सांभाळून घ्या.

मी सुमन. दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांचा शोध घेण्यात शरयू अक्कांनी जन्म घालवला, हे डॉक्टर मंडळींनी आत्ता सांगितलं. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. मी तशाच एका बाळाची आई.

माझा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होता. दुपारची वेळ. घरातली सगळी जेवून लवंडलेली, पंखा फिरतोय, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा दुपारी सगळी पेठ पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. मला डोळा लागला होता. जाग आली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो गार.

घरातले म्हणाले, हिच्या कुशीखाली आलं असेल. मीही तेच मानलं. आई दुसरं काय मानणार?

अक्का दहाव्या दिवशी घरी आल्या. देशपांडे नगरात त्यांचा दवाखाना तेव्हा नवा होता, बाळाला मी तिथंच दाखवायची. जमिनीवर बसल्या. बाळ कसं निजलं होतं, अंगावर काय होतं, सगळं विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, दोघांच्या अंथरुणांत हातभर अंतर होतं, तुझ्या कुशीखाली नाही आला तो. मी विचारलं, मग का गेला? तर म्हणाल्या, "गोत्तिल्ल तंगी, मला माहीत नाही गं बहिणी. शोधते." आणि शोधतच राहिल्या. जुन्या हुबळीपासून धारवाडपर्यंत, असं बाळ गेलं की अक्का त्या घरी जाऊन बसायच्या. लोक म्हणायचे, हिला दुसरं काम नाही का?

अशी बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी त्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाल्या, "सुमन, बाळाला पालथं निजव, हे तुला मीच सांगितलं होतं. आठवतं?" आठवत होतं. पोटात वायू धरायचा म्हणून. तेव्हा आम्हा डॉक्टरांना तसंच शिकवायचे, म्हणाल्या. ते चुकीचं होतं, पालथी निजवलेली बाळं जास्त दगावतात. "तुझं त्यानंच गेलं का, ते मला सांगता येणार नाही. पण सांगणारी मी होते."

मंडळी, त्यांना कुणी विचारलं होतं का? गप्प बसल्या असत्या तर मला जन्मात कळलं नसतं.

मी काय केलं? म्हटलं, अक्का, तुम्ही जा. वर्षभर तोंड बघितलं नाही त्यांचं. रागच तसा होता.

मागाहून कळलं, मी एकटी नव्हते. ज्या ज्या आईला त्यांनी तसं सांगितलं होतं, तिच्या तिच्या दारात त्या जाऊन आल्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी चहा केला. मग गल्लोगल्ली बाळाला उताणं निजवायला शिकवत हिंडू लागल्या. दाखवायला कापडी बाहुली हवी होती. ती मी शिवून पाठवली. राग होता, तरी शिवली. दरवर्षी जुनी झिजायची, मी नवी द्यायची. बोलणंही सुरू झालं, भाजीचं, पावसापाण्याचं. त्या दुपारचं मात्र कधी नाही.

हल्ली मला एक स्वप्न पडतं. सगळी हुबळी दुपारची झोपलीय. घराघरांत बाळं उताणी, मुठी कानाशी, पोटं वरखाली होतायत. अक्का चपला हातात घेऊन या घरातून त्या घरात चालल्यात. कुणी जागं होत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. ठरवूनच गेले होते, आज बोलायचं. त्या झोपल्या होत्या. मी नाकाशी बोट धरून पाहिलं, ती सवय मला कायमची लागलीय. श्वास चालला होता. म्हटलं, झोपू दे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. अक्का, माझा तुमच्यावर राग नाही. तो कधीच गेला होता. सांगायचं मीच लांबवलं. ती चूक माझी.

आता आपण दोन मिनिटं गप्प उभं राहू. मोठ्यांनी बोलायचं नाही. पण कुणाचं बाळ रडायला लागलं तर त्याला गप्प करू नका. रडू दे त्याला. अक्कांना ते ऐकायला आवडेल.