दोनशे नववं पान

हॅलो?… कोण?… अगं, तू होय! ऑफिसच्या नंबरवरून कशाला करतेस, मला वाटलं बँकवाले… बोल, पण आत्ताच डोळ्यांत थेंब घातलेत, समोरचं काही दिसत नाहीये… ऐकू येतंय गं. डोळ्यांत घातलेत, कानांत नाही.

यादी? कसली यादी?

चर्चच्या त्या पाळकसाहेबांच्या कादंबऱ्या?… पुन्हा छापणार? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?… नव्या मालकांच्या. म्हणजे त्यांनी एकही वाचलेली नसणार… सातांना नंबर लावायचे, आणि वरच्या तीनच छापायच्या ना? मग निभावेल.

हो, हो… मलाच विचारशील, दुसऱ्या कुणाला विचारणार! चौतीस वर्षं प्रुफं तपासली त्या ऑफिसात. त्या बाबांची सातही पुस्तकं माझ्या डोळ्यांखालून गेलीत, म्हणून तर आज हे थेंब… तीन वाजेपर्यंत हवी? आणि आत्ता किती वाजलेत?… म्हणजे वीस मिनिटं! महिना झाला नाही तुला संपादक होऊन, आणि आत्तापासून शेवटच्या घटकेला फोन!

बरं, घे लिहून. पहिली कादंबरी म्हणजे ती बोलणाऱ्या मेंढ्यांची. तीनशे पानं… अगं, मेंढ्या नुसत्या बोलल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या समजावून सांगतात! लांडगा कंटाळून सुधारतो. सहावा नंबर दे… का म्हणजे? सातव्यावर आणखी वाईट आहे एक.

दुसरी चंद्रावरच्या चर्चची. तिथे घंटा वाजते… तेच तर! हवा नाही, घंटा कशी ऐकू येईल? मी प्रुफाच्या कडेला लिहिलं, ‘आवाज कसा येईल?’ त्यांनी खाली लिहून पाठवलं, ‘ज्याला ऐकायचा आहे त्याला येईल.’ हात टेकले मी… हसतेस काय? तुला करायचीत आता यांची प्रुफं.

तिसरी ड्रॅगनला पश्चात्ताप होतो ती. शंभर पानं रडतो. एवढ्या पाण्यात तोंडातली आग कशी टिकली, देव जाणे… लिही, घंटा तिसरी, ड्रॅगन दुसरा. ड्रॅगन निदान गप्प तरी रडतो.

नाही गं, माणूस वाईट नाही. चर्चमध्ये म्हणे छान बोलतात, लोक लांबून येतात ऐकायला. पण रविवारच्या एका तासात त्यांचं भागेना, म्हणून ह्या कादंबऱ्या. जादूची असो नाहीतर विज्ञानाची, शेवटचं पान आलं की सगळे गुडघ्यांवर. पहिल्या तिन्ही पुस्तकांना एकेक पान उपदेशाचं, ठरलेलं. जेवणानंतरच्या गोळीसारखं.

…थांब गं, मशीन थांबलं वाटतं कपड्यांचं… असू दे, वाळत घालीन नंतर. बोल.

पहिला नंबर? पहिला नंबर अर्थात चौथ्या कादंबरीला. तो मेकॅनिक, दूरच्या ताऱ्यावरचा दिवा दुरुस्त करायला जातो, बावीस वर्षांनी घरी परत येतो… बघ, तूसुद्धा वाचलीयेस! सगळ्यांनी वाचलीये. तो आपल्या घराच्या दारावर थाप मारतो, आणि खलास. पुढे अक्षर नाही. काय लिहिलं होतं तेव्हा पेपरांत! असा शेवट म्हणे झाला नाही.

आणि मग बाबा चेकाळले. पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही अशाच मध्येच तोडलेल्या. तो यंत्रमानव, बाप्तिस्मा हवा म्हणून नदीवर जातो, पाण्यात पाय टाकतो, आणि समाप्त! बिघडला की तरला, विचारू नका. सहावीत महापूर येतो, यानाचं दार लागतं. आत कोण, बाहेर कोण? नाही सांगत जा! आणि सातवीचं तर शेवटचं वाक्यच अर्धं. मी छापखान्यात फोन करून विचारलं होतं, ओळ पडली का म्हणून… हो, तीच सातव्या नंबरवर. एकदा टाळ्या पडल्या की माणूस तेच तेच करत बसतो.

काय?… कुठे बसलेत?… तुझ्या बाहेरच्या खोलीत? पाळकसाहेब स्वतः? अगं मग हळू बोल!… चहा दिलास का?… चौऱ्याऐंशीचे असतील आता. चौथीची टाइप केलेली मूळ प्रत घेऊन आलेत… बरं… हो… मग?

छापलेल्या पुस्तकापेक्षा एक पान जास्त आहे. असणारच… अगं, असणारच म्हणते ना. तो त्यांचा उपदेश. काढलेला आहे तो… कुणी म्हणजे? मी!

ऐक तर! फर्मा, म्हणजे छापायचा एक ताव, सोळा पानांचा. तेरा फर्म्यांत दोनशे आठ पानं चपखल बसत होती, आणि दोनशे नववं एकटं लोंबकळत होतं. त्या एका पानासाठी आणखी एक अख्खा फर्मा, पंधरा पानं कोरी. छापखान्याचा माणूस दारात उभा, तेव्हाचे मालक परगावी. मी बघितलं, पहिलीच ओळ, ‘दार उघडलं आणि उजेड आला.’ म्हटलं, आला स्वर्ग! आता पाच ओळींत देवदूत येणार. मारली लाल रेघ, दिलं पाठवून… त्यांना कशाला विचारायचं? तेव्हा शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवायची पद्धत नव्हती आपल्याकडे. आणि बिघडलं काय? तीस वर्षं लोक ज्या शेवटासाठी डोकी डोलावतायत तो शेवट माझा आहे, बाईसाहेब! कुणाला बोलले नाही, ती गोष्ट वेगळी.

समोर आहे पान? वाच की मग. वाच, दोघी मिळून हसू.

हं… ‘दार उघडलं आणि उजेड आला.’ बघ, सांगितलं नव्हतं?… हं… स्वयंपाकघरातल्या दिव्याचा?… बरं, पुढे.

बायको उभी. हातात ओलं फडकं… हो… ती त्याला ओळखते का?… काय म्हणते?

‘पाय पुस आधी.’

…एवढंच म्हणते? बावीस वर्षांनी आलेल्या नवऱ्याला?… वाच, वाच, थांबू नकोस… तो पाय पुसत राहतो. पुसून झाले तरी पुसत राहतो… हं… ती दुसरं ताट घेते. त्यावरची धूळ पदराने… हं.

‘उशीर झाला,’ तो म्हणतो. ‘हो,’ ती म्हणते.

…मग?

संपलं?… खाली बघ. पाठीमागे बघ. देवदूत?… प्रभूचं नाव? एकदाही नाही?

…नाही, आहे मी. थेंबांनी चुरचुरतायत डोळे… नाही गं, थेंबांनीच नाही. रडतेय मी, झालं?

वाचलं नव्हतं म्हणजे नव्हतं. एक ओळ वाचली. मी! अर्ध्या मात्रेसाठी लोकांचा जीव खाणारी बाई मी, आणि सबंध पान न वाचता…

त्यांना काय वाटतं, कुणी काढलं?… जुन्या मालकांनी. आणि विचारलं नाही कधी?… काय म्हणाले? जसंच्या तसं सांग… ‘पान काढल्यावर लोकांना आवडलं, म्हणजे पान वाईटच असणार. म्हणून पुढच्या पुस्तकांत मी आधीच थांबत गेलो.’

…असं म्हणाले?

म्हणजे तो यंत्रमानव नदीत पाय टाकून तसाच उभा राहिला तो… आणि ते सातवीचं अर्धं वाक्य… आणि मी आत्ता त्यांना काय काय बोलले गं! टाळ्या काय, चेकाळले काय!

यादी राहू दे. त्यांना दे फोन… दे म्हणते ना! जुन्या मालकांवर कशाला उगाच आळ, गेलेला माणूस तो. दे.

…नमस्कार पाळकसाहेब. मी… हो, प्रुफं बघायची तीच. बरी आहे… साहेब, मला एक सांगायचंय. चौथ्या पुस्तकातलं शेवटचं पान मालकांनी नाही काढलं. मी काढलं… नाही, मालक तेव्हा गावातही नव्हते… नाही हो, वाईट होतं म्हणून नाही. चांगलं की वाईट, मला ठाऊकच नव्हतं. मी ते वाचलं नव्हतं… नाही. पहिली ओळ फक्त. मला वाटलं, उपदेश असेल… साहेब?… हॅलो?… माझं चुकलं हो, साहेब… पाळकसाहेब?

…कोण, तू?… ते कुठायत?… निघाले?… आणि प्रत? प्रत घेऊन निघाले? पानासकट?… रागावले का? काही बोलले?

…‘तीस वर्षं मला वाटत होतं, वाचून काढलं असेल.’

…एवढंच.

अगं, मग तू तिथे काय करतेस? पळ की! जिन्यातच असतील, त्या वयाचा माणूस कितीसा उतरला असेल!… नवे मालक राहू देत, यादी राहू दे, तू आधी त्यांना गाठ. पान छापणार म्हणावं. आणि सांग, ती बाई येतेय, सगळं वाचणार आहे, त्यांच्यासमोर बसून, सातही, पहिल्या अक्षरापासून… दिसतंय गं मला, पोचते मी… तू फोन काय धरून उभी राहिलीस? ठेव!