लाईट गेली तरी मॅच चालू

अय लाईट गेली, लाईट गेली, म्हणून माझ्या अंगणात सत्तर माणूस एकदम वरडलं. सत्तर म्हणतो, लिंबावर बसलेले धरलेच न्हाईत. टीव्ही काळा ठिक्कर, आपली शेवटची जोडी मैदानात, जिकायला थोडेच रन पायजेत, आन माझा मेव्हणा विरभद्र बाजेवर बसून गालात हासून राहिला.

का हासला ते सांगतो, पर आधी मी कोण ते लिवा. मी नागनाथ, देवणीकडचा, बैलाचा दलाल. आमच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटानं ठरतो, पर गिऱ्हाईक रुमालापस्तोर आणायचं ते तोंडानं. मी देवणीत वरडलो की उदगीरात बैल कान टवकारायचे. मग लातूर नवा जिल्हा झाला आन मागोमाग दुष्काळ पडला. कडबा न्हाई, बाजारात बैल न्हाई, माझ्या तोंडाला काम न्हाई. तवा दावणीची शेवटची जोडी दिली आन टीव्ही आणला. बायकू म्हणली, बरं केलं, ह्याला कडबा तरी लागत न्हाई.

टीव्हीतला बोलायचा इंग्रजीत. मी त्याचा आवाज बंद करायचो आन गिऱ्हाइकाला बैल सांगतो तसा खेळ सांगायचो. हा बॉलर सहा दाती, म्हंजी भर जवानीतला, खांदा भरीव, पर मागला पाय वडतो, दोन ओव्हरात बसंल बघा. आन बसायचाच, काय सांगू तुम्हाला. चार गावची माणसं घरून पाण्याचा तांब्या घेऊन यायची. आज घरोघर टीव्ही हाय, तरी मॅच म्हणलं की माझं अंगण भरतंय.

तर हा विरभद्र हैदराबादला मैदानात मॅच बघून आल्ता. तवापासून एकच धोशा, पुढल्या मॅचला टेंपो करू, सगळे हैदराबादला जाऊ, अंगणात काय ठिवलंय दाजी. मन्मथ अप्पा आमच्यातलं सगळ्यात थोर माणूस, त्यानं बी डायवरजवळची जागा धरली. अप्पा निघाला म्हंजी गाव निघालं. बाजार गेला तो गेला, आता अंगण बी जाणार.

आन त्यातच लाईट गेली. मैदानात लाईट जाती का दाजी, विरभद्र म्हणला. माणसं धोतर झाडून उठायला लागली. मी स्टुलावर चढलो आन काळ्या टीव्हीकडं बघून मॅच चालू केली. आला बॉलर, आपल्या गड्यानं मान खाली घातली, बॉल शिंगावर घेतला, गेला कुंपणाभाईर. बसले की सगळे. एक एक रन मी चिखलातून गाडा वडावा तसा वडला, मधी कॅच सोडायला लावला, एक सर बी पाडली, लोकं वर बघून राहिले. शेवटी जिकलो, टोप्या उडाल्या, आन लाईट आली.

टीव्हीत समोरचे कप घेऊन नाचत होते. आपली जोडी कवाच आऊट झालती.

विरभद्र उठला, म्हणला, आता बोला, टेंपोत कोण कोण? सगळ्यांनी अप्पाकडं बघितलं.

अप्पानं तंबाखू थुकली.

"मी न्हाई येत. तितं सांगायला कोण हाय?"