कौतुकाचं देणं

दोन हजार तेवीसचा जानेवारी, थंडीचे दिवस. आखातात, समैस्मा गावाच्या पुढे एका गोठ्यावर मी गाई सांभाळायचो. जनावरांची डॉक्टरीण आयर्लंडची. नवं वासरू बघून मी तिच्यासमोर बोलून गेलो, “काय देखणं आहे!”

बाई पांढरीफटक पडली. मोडक्या हिंदीत ओरडली, “चाचा, ‘देव भलं करो’ म्हणाला नाहीत? आमच्याकडे नुसत्या कौतुकानं जनावराला नजर लागते. आता थुंका त्याच्यावर, म्हणजे उतरेल!”

मी हबकलोच. एवढी शिकलेली बाई, आणि गाईच्या लेकरावर थुंकायला सांगते! म्हटलं, “मॅडम, गाईला पाय लागला तरी आम्ही हात जोडतो. थुंकणार नाही.”

“मग वासराचं देणं राहिलं तुमच्यावर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वासरानं आचळ तोंडात घेतलं नाही. बाईनं इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. दुपारपर्यंत त्यानं मान टाकली, श्वास तेवढा चालू होता.

बाईनं हात धुतले. “माझं औषध खलास, चाचा. आता तुमचं देणं तेवढं बाकी आहे.”

गाय माझ्याकडेच बघत होती. मी वासराच्या पाया पडलो आणि त्याच्यावर थुंकलो.