परसातल्या मुंग्या

(ठाणे, १८९०च्या सुमारास. डॉक्टर परशुराम यांचा दवाखाना. कळव्याच्या मिठागरावर राबणारी बायजा लेकीला, शालूला, घेऊन आली आहे. शालू बाहेर ओटीवर बसली आहे.)

बायजा: पोरीची लघवी घालून उकळलीत, त्या निळ्या पान्याचं लाल झालं. ह्ये बरं का वाईट, डाक्तर?

डॉक्टर: वाईट. शालूच्या लघवीत साखर आहे, बायजा. फार आहे.

बायजा: आमी कुठं साखर खातो? गूळ तेवढा.

डॉक्टर: भाताचीसुद्धा होते ती. अंगी लागत नाही, वाहून जाते. म्हणून ही तहान, आणि खाऊनपिऊन पोरीची काडी झालीय. ती लघवीला बसते तिथे मुंग्या नाही दिसल्या तुला?

बायजा: दिसल्या की! मला वाटलं, देवीनं नवस ऐकला.

डॉक्टर: कसला नवस?

बायजा: पोर वाळायला लागली तवा देवीला बोलले, रोज मुंग्यांना गूळ-पीठ घालीन. मेल्या तोंड लावीनात. आनि एक दिस परसात, शालू बसते तिथं, रांगच रांग! मी हात जोडले. तवापासनं रोज गुळाची खीर देते तिला. म्हनलं देवी पावली, आता पोर भरंल.

डॉक्टर: खीर...

बायजा: मीच इख घातलं का हो तिला?

डॉक्टर: नाही गं. रोग खिरीआधीचा आहे. ऐक. जर्मनीत काही विद्वान आहेत, शरीराचं काम कसं चालतं ते अभ्यासणारे. त्यांनी एका धडधाकट कुत्र्याच्या जठरामागची ग्रंथी काढली. लगेच ते शालूसारखं पाणी पाणी करू लागलं. लघवीत साखर. रोग कुठे बसतो ते इतकी शतकं कुणाला कळलं नव्हतं. आता कळलं.

बायजा: मंग औशिद?

डॉक्टर: ते नाही सापडलं.

बायजा: ह्ये कसं? मिठागराचा बांध कुठं फुटला ते कळलं, की भरतीच्या आत आमी बुजवतो.

डॉक्टर: बांध हाताला लागतो. हे पोटाच्या आत आहे. कारण कळलं म्हणजे अर्धी वाट झाली. उरलेली कुणीतरी चालेल. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी.

बायजा: माजी शालू नऊ वर्सांची हाय, डाक्तर.

डॉक्टर: ठाऊक आहे. हे वाचलं तेव्हा आनंदानं रात्रभर झोपलो नव्हतो मी. आज तुला सांगताना लाज वाटतेय त्या आनंदाची.

बायजा: भात बंद केला, गूळ बंद केला, तर वाचंल?

डॉक्टर: थोडे दिवस वाढतील. मी कुणाला खोटं सांगत नाही.

बायजा: त्या कुत्र्याचं काय झालं?

डॉक्टर: गेलं.

बायजा: ...ऐका, पुन्ना पानी मागतेय. देऊ?

डॉक्टर: दे. मागेल तेवढं दे.

बायजा: घरी गेलं की हात धरून परसात न्हेते मला. ‘आये, बघ, कालच्यापेक्षा जास्ती आल्यात. मी बरी व्हनार.’ आता काय म्हनू तिला?

डॉक्टर: म्हण... हो बाळा, पुष्कळ आल्यात.